काकूचा दोरा आणि काचेवरचं प्रवाळ

आमच्या काकूला कुणी ‘नाही जमणार’ म्हटलं की काम निम्मं झालंच म्हणून समजावं. काका लग्नापासून हेच म्हणतोय आणि दर वेळी तोंडावर आपटतोय, तरी सुधारत नाही.

काकूचं ब्युटी पार्लर आहे. दुसऱ्या खुर्चीवर मी, तिची पुतणी. भिंतीशी खाऱ्या पाण्याची टाकी. आत खडक, जिवंत प्रवाळ आणि केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेली माशांची जोडी. ती टाकी कोपऱ्यातून पाझरायला लागली, तेव्हा काकूने दुप्पट मोठी आणली आणि तिच्यातलं पाणी, मीठ, ऊब सगळं जुन्या टाकीशी जुळवून ठेवलं.

खडक हलले, मासे बादलीत आले. अडलं एकाच ठिकाणी. तळहाताहून मोठं, झालरीसारखं एक मऊ प्रवाळ थेट मागच्या काचेला चिकटून वाढलं होतं. काकूने ते नखाएवढं असताना आणलेलं. मासे त्याच्याच कुशीत झोपायचे. ते फाटलं तर कुजणार आणि नव्या टाकीचं पाणीही नासवणार.

नवी टाकी बसवायला आलेल्या माणसाने पात्याने त्याची कड उचलून पाहिली. कड चिरली. त्याने लगेच हात बाहेर घेतला.

“ताई, मला धीर होत नाही. राहू दे काचेवरच.”

“म्हणजे मरू दे,” काकू म्हणाली. तिचा चेहरा असा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. मला त्या काचेचाच राग आला.

तेवढ्यात दारातून काका बोललाच, “नाही जमणार गं ते. जमलं तर तुझ्या खुर्चीत बसून आयब्रो करून घेईन!”

काकूने मान वर केली. “दोरा दे,” ती मला म्हणाली.

पाणी प्रवाळापर्यंत उतरवलं. काकू स्टुलावर चढून कमरेपर्यंत टाकीत वाकली. थ्रेडिंगच्या दोऱ्याचं एक टोक दातांत, दुसरं उजव्या हातात, डावा हात प्रवाळाखाली पसरलेला. काच आणि प्रवाळ यांच्यामधून दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे सरकू लागला. मध्येच तो तुटला. “थू, काय खारट आहे!” म्हणत तिने नवा घेतला.

मग ते अख्खं प्रवाळ अलगद तिच्या तळहातावर आलं.

“आलं!” काकू ओरडली. टाकीवाल्याने टाळ्या पिटल्या. फेसपॅक लावून बसलेल्या बाई इतक्या हसल्या की पॅकला तडे गेले.

नव्या टाकीत, खडकाला चिकटावं म्हणून लावलेल्या जाळीखाली, प्रवाळ बरेच दिवस आक्रसून पडलं होतं. काकू दुकान उघडल्या उघडल्या तिथे जाई. काकाही चोरून बघे. एका सकाळी पाहिलं तर ते खडकाला धरून पूर्ण उमललेलं, आणि दोन्ही मासे आत.

काकूने खुर्ची झटकली. “अहो, बसा.”

कुरकुरत काका बसला. दोरा फिरला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. नजर मात्र टाकीवर होती.

“जमलं गं तुला,” तो पुटपुटला.

काकूने दातांतला दोरा काढला. “काय म्हणालात?”

काका ताठ बसला आणि रांगेतल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल असा ओरडला, “जमलं तुला!”