गोडदेवच्या गाळ्यातली खरखर

ज्या कामात बिघाड डोळ्यांना दिसत नाही, फक्त ऐकू येतो, त्या कामात किस्से साठायला वेळ लागत नाही. गोडदेवला आमचा छोटा गाळा आहे. मालक बेनी अंकल, उत्तन गावचे. मी सुजाता, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून त्यांच्याकडे लागले ती अजून तिथंच. साऊंड सिस्टिमसाठी आम्ही फिल्टरचे बोर्ड बनवतो, नको तो आवाज गाळणारे. त्यात ऑप-अँप नावाची आयसी, म्हणजे चिप, असते. ती गाणं वाढवते आणि तितक्याच इमानदारीत खरखरही वाढवते!

माझा पहिलाच बोर्ड. सगळे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारे भाग, मी कडेला एका ओळीत लावले. दिसायला झक्कास, पण आवाजात खरखर! अंकलनी चष्मा वर केला. "रांगोळी छान काढलीस हां. आता हा छोटा कपॅसिटर आयसीच्या पायाशी लाव. तहान हिला लागलीय, तू तांब्या शेजारणीकडं ठेवलास!"

* * *

सिल्व्हर पार्कचे एक गुजराती भाई स्वतः माइकवर भजनं म्हणायचे. साऊंडचं मशीन घेऊन आले. "बेन, मैं गाता हूं तो पीछे भमरा बोलता है!"

उघडून बघितलं तर ट्रान्सफॉर्मर फिल्टरच्या बोर्डाला अगदी चिकटून बसलेला. लांब सरकवला, जरा फिरवला. भुंग्यासारखी घूंऽऽ गायब! भाईंनी तिथंच एक कडवं म्हणून बघितलं आणि माइक खाली ठेवला.

"क्या हुआ भाई?"

"भमरा अच्छा था, बेन. अब तो मेरा सुर सुनाई देता है!"

* * *

एका बोर्डात मधूनच टिरटिर यायची. दोन दिवस मी आयसी बदलतेय, वायर बदलतेय. मग लक्षात आलं, अंकल बघायला वाकले की टिरटिर सुरू! त्यांच्या खिशातला जुना बटनवाला मोबाईल!

"अंकल, जरा बाहेर जाता का?"

ते रस्त्यावर गेले. बोर्ड गप्प. अंकल तिथूनच ओरडले, "मी गेलो की शांतता होते, हे बायको कधीपासून सांगते!"

* * *

नाताळात अंकल घरून पत्र्याचा डबा घेऊन आले. कापून, वाकवून बोर्डावर झाकण बसवलं, ग्राउंडला जोडलं. बाहेरची सगळी भुणभुण बंद! दुसऱ्या दिवशी अंकलची बायको, फिलू आंटी, दारात. "माझा कुलकुलांचा डबा कुठं हाय? नाताळचं गोड आता ठेवू कशात?"

अंकलनी घाईघाईनं हेडफोन पुढं केला. "ऐक तरी, किती शांत हाय!"

"शांत? घरी ये, मग ऐकवते!"

* * *

आणि हा शेवटचा. अंकलच्याच गावच्या चर्चच्या क्वायरसाठी बोर्ड बनवत होतो. लहानपणी अंकल तिथंच गायचे, त्यामुळे सगळं काम त्यांनी स्वतःच्या हातानं केलेलं. हेडफोन लावला, डोळे मिटले. "एकदम शांत!" म्हणाले आणि हेडफोन माझ्याकडं दिला.

मी ऐकलं. मागं बारीक स्स्सऽऽ चालू होतं. मी हेडफोन कानावर घट्ट दाबला. नुसत्या आवाजावरून सोल्डरिंगचा कुठला टाका कच्चा आहे ते सांगणारा माणूस हा! त्याला हे ऐकूच आलं नाही?

"हो अंकल, शांत आहे," मी म्हटलं. "उद्या पॅक करते."

ते घरी गेल्यावर मी बोर्ड उघडला. विजेला अडवणारे रेझिस्टर फार जास्त ओहमचे होते. त्यांचं स्वतःचंच स्स्सऽऽ असतं. कमी ओहमचे घातले, त्या हिशोबानं कपॅसिटर मोठे केले, म्हणजे फिल्टरचं काम तेच राहतं. स्स्स गेलं. बॉक्स होता तसा बंद केला.

सकाळी अंकलसमोर एकदा शेवटचं ऐकून बघितलं. कानावरून हेडफोन काढतेय तोच अंकल म्हणाले, "हां, आता झाला. कर पॅक."

"अंकल, तुम्ही ऐकलं कुठं?"

अंकल खोक्याला चिकटपट्टी लावायला लागले होते. मान वर न करता म्हणाले, "काल 'शांत आहे' म्हणालीस तेव्हा तुझ्या कपाळाला आठी होती. आज न्हाय."