चाकं नसलेल्या गाडीची खंडेनवमी

खंडेनवमीला गॅरेजातली पूजा उरकून दिवस कलताना मी खोलीवर परतलो, तर टेबलावरच्या माझ्या गाडीखाली लिंबं ठेवलेली. चार कोपऱ्यांना चार. पुढ्यात झेंडूचं फूल, विझलेली उदबत्ती, आणि गाडीच्या पांढऱ्या अंगावर ओल्या हळदीचं चांगलं ठसठशीत स्वस्तिक, वर कुंकवाची चिमूट.

मी दारातच बसलो.

गाडी खेळण्याएवढी, हातभरसुद्धा नव्हे. तिला चाकं नव्हती, कारण ती जमिनीवरून चालायचीच नव्हती. जमिनीच्या दोन फूट वर, हवेवर तरंगत जाणारी गाडी होती ती. असल्या गाड्या जगात कुठं नसतात, पण दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या एका म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात त्या बऱ्याच वर्षांपासून होत्या. तो माणूस दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दौंड कायमचं सोडून मुलीकडे ऑस्ट्रेलियाला निघणार होता, आणि ही गाडी त्याच्याबरोबर जायची होती. घराची बांधाबांध चालली होती, म्हणून तोवर त्यानं ती माझ्या भरवशावर सोडलेली.

मी चांद्याकडचा, पार विदर्भातला. नववीत गणितात गेलो, पुन्हा वर्गात बसलो नाही. ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर निघालो तो दौंडला येऊन गाड्यांना रंग मारायच्या कामाला लागलो. पुढं मालकानं नगर रोडला, शिरूरला गॅरेज टाकलं, तेव्हा मीही शिरूरला आलो. भाषा मराठीच, तरी माझ्या तोंडून ‘का’च्या जागी ‘काहून’ निघालं की सगळं गॅरेज हसायचं. ‘ए काहून, घासायचा पाणीपेपर आण.’ मीही हसायचो. आत मात्र सारखी धास्ती, की आज नाही तर उद्या आपल्या हातून काहीतरी बिघडेल आणि कुणीतरी म्हणेल, बाबा रे, तू आपला गावाला जा.

त्या म्हाताऱ्या माणसाची, म्हणजे अंकलची, ओळख दौंडची. ते रेल्वेतले निवृत्त ड्रायव्हर. त्यांची स्कूटर आमच्याकडे रंगाला आली होती. रंग झाल्यावर उगीच मनात आलं म्हणून मी पत्र्यावर एक बारीक लाल रेघ ओढली. अंकल गाडी न्यायला आले, चष्मा कपाळावर चढवला आणि रेघेला नाक लावून बघत राहिले. मला वाटलं, झालं, आता बोलणी बसणार.

“पट्टी लावून मारली?”

“नाही. हातानं.”

“संडेला घरी ये, मॅन.”

घरी फळीवर गाड्याच गाड्या, आणि एकीलाही चाक नाही. मुलगी त्यांना तिकडून मोटारींचे किट पाठवायची. डब्यात प्लास्टिकच्या चौकटीला लटकलेले बारीक भाग यायचे. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, की मोटार तयार. अंकल डबा उघडला की आधी चाकं वेगळी काढून खोक्यात टाकून द्यायचे.

“काहून?” माझ्या तोंडून गेलंच.

ते हसले नाहीत. “लाइफभर गाडी चालवली, मॅन. वळवली कधी नाही. वळवणार तो सिग्नल-केबिनवाला. ड्रायव्हरनं फक्त पुढं जायचं. आता मला अशी गाडी पाहिजे, रूळ नको, रोड नको, चाक नको. भीमेवरून सीधा. दिल आया तो लेफ्ट.”

मग दर आठवड्याच्या सुट्टीला मी त्यांच्याकडे जायला लागलो. शिरूरला आल्यावरही न्हावऱ्यावरून एसटीनं जायचो, पिशवीत भंगार घेऊन. मालकाच्या बायकोनं टाकून दिलेला स्टोव्हचा बर्नर गाडीच्या मागं लावला, की झाला धूर सोडायचा नळा. तुटलेल्या कॅसेटमधली दातेरी चक्रं पोटाखाली, हवा फेकणारे पंखे म्हणून. टूथपेस्टची टोपणं, बॉलपेनच्या स्प्रिंगा, इंजेक्शनची सिरिंज, फुटक्या बांगड्या. बांगडीच्या तुकड्याचा मागचा दिवा असा काही व्हायचा की अंकल म्हणायचे, “मॅन, ये तो जल रहा है.”

किटबरोबर एक कागद यायचा, गाडी कशी जोडायची त्याचा. पहिल्यांदा त्यांनी तो माझ्यापुढं केला तेव्हा माझ्या कानाला घाम फुटला. पण उघडून बघतो तर अक्षरं थोडी आणि बाण जास्त. हा भाग इकडं, तो तिकडं. एवढा सगळा कागद मला कळला. त्या दिवशी घरी परत जाताना मी फार हलका होतो. कितवीपर्यंत शिकलास, हे अंकलनी मला कधी विचारलंच नाही. पुढंही नाही.

तर ही शेवटची गाडी. तोवर त्यांचे हात कापायला लागले होते, चिमट्यात धरलेला भाग टेबलाखाली जायचा. “तू कर, मी बसतो,” म्हणाले. मी केली. काच किटमधली नाही घेतली. सरबताच्या बाटलीचा तुकडा लाकडी ठोकळ्यावर ताणून शेकला आणि त्याचा घुमट केला. रंग खडूसारखा पांढरा, अजिबात चकाकी नसलेला, त्यांना तसाच हवा होता. आणि कुशीवर त्यांच्या पहिल्या इंजिनाचा नंबर. तो मात्र त्यांनी स्वतः लिहिला. मी त्यांचं कोपर धरून बसलो होतो. एक आकडा झाला की ब्रश खाली ठेवायचे, हात मांडीवर दाबून धरायचे, मग पुढचा. सगळा नंबर होईस्तोवर चहा दोनदा गार झाला. शेवटचा आकडा जरा कलला. पुसू का, मी विचारलं. म्हणाले, “नको. आता परत नाही होणार.”

हळदीच्या स्वस्तिकाची एक टांग त्या नंबराला टेकली होती.

माझी घरमालकीण, तिला मी मामी म्हणायचो, पाठीमागं येऊन उभी राहिली. चेहऱ्यावर कौतुक. “बघितलंस का? समद्या गाड्या पुजल्या. ट्रॅक्टर पुजला, विळं-खुरपी पुजली, मामांची सायकल पुजली. तुझी तेवढी उपाशी ठिवू व्हय?”

मी गाडीजवळ गेलो आणि वाकून नंबर बघितला.

“आन् लिंबाची पंचाईत झाली बघ. चाकाखाली ठेवावं तर चाकंच न्हाईत! ह्यांना इचारलं, तर म्हंत्यात ठेव कोपऱ्याला.”

ओट्यावरून मामांचा आवाज आला, “चाकं न्हाईत, रूळ न्हाई. आरटीओ पासिंग देतो का न्हाई हिला?”

परक्या मुलखात आपल्या वस्तूला कुणी हात जोडतं, ओवाळतं. मी “छान केलं मामी” म्हटलं आणि ती गेल्यावर गाडी उचलून मोरीवर नेली. कुंकू कोरडं होतं, फुंकरीनं उडालं. हळद ओली होती. फडक्यानं टिपली तर वरची गेली आणि खालचा पिवळा डाग जसाच्या तसा. बिनचकाकीचा रंग पाणी पितो तशी हळद प्यायला होता. थिनरनं निघाली असती, पण थिनर म्हणजे नंबर गेला, आणि खालचं प्लास्टिकही विरघळणार. नवा रंग मारावा तरी नंबर गेला. घाबरलेल्या माणसाला शेवटी साबण सुचतो. बोटाच्या टोकावर घेतला आणि हलकेच चोळला.

डाग लालभडक झाला.

मी इतक्या मोठ्यानं “अगं आई” म्हणालो की मामी पळत आली. तिनं गाडी बघितली, माझ्या हातातला साबण बघितला.

“साबण लावलास? हळदीला?”

“निघंल वाटलं.”

“निघंल कशी? हे तर कुंकूच केलंस की रं तू!” आणि ती हसायला लागली. मग माझं तोंड बघून एकदम थांबली. “काय झालं? रडतूस का काय?”

तेव्हा मी सगळं सांगितलं. अंकल, नंबर, त्यांचा हात, परवाची त्यांची रेल्वे. मामी खाली बसली. “आन् मी म्हणलं चांगलं करतीय,” म्हणाली. हे मला हळदीपेक्षा जास्त लागलं.

पण ती फार वेळ बसली नाही. गाडीखालचं एक लिंबू कापलं, पदराच्या टोकाला रस लावला आणि नंबर सोडून लालावर टिपत गेली. लाल परत पिवळं झालं. “आता उन्हात. लुगड्यावरची हळद कशी जाती? उन्हानंच जाती. धुऊन कवा गेलीय का?”

हे मला ठाऊक असायला हवं होतं. आमच्या घरीही लग्नातल्या कपड्यांचे डाग उन्हातच जायचे. पण लुगडं आणि ही गाडी एक नव्हे. प्लास्टिक पातळ, त्यात दसऱ्याचं ऊन. गॅरेजमध्ये मी उन्हात ठेवलेला प्लास्टिकचा मडगार्ड पिळवटलेला बघितला होता. हळद जायची आणि गाडी वाकायची, मग काय करणार? रात्रभर हाच हिशोब डोक्यात चालू राहिला.

सकाळी ऊन अंगणात उतरलं तसा मी पाट मांडला. पाटावर गाडी, डागाची बाजू सूर्याकडे, घुमटावर ओला रुमाल. रुमाल वाळला की भिजवायचा. बोटानं पत्रा बघतो तसं प्लास्टिक बघायचं, तापलं वाटलं की पाट क्षणभर पडवीत. ऊन सरकेल तसा पाट सरकवायचा. मामीनं पुरणाचा घाट घातला होता, ती मधूनमधून हात पुसत येऊन बघून जायची. “न्हाई अजून.” आणि आत.

माणसं सोनं द्यायला यायची, आपट्याची पानं हातात. पाया पडून झालं की पाटाकडे नजर.

“हे काय वाळत घातलंय? पापड?”

“गाडी हाय,” मामा सांगायचे, एकदम गंभीर. “पावण्यांची. आस्ट्रेलियाला चाललीय.”

“आन् चाकं?”

“तिकडं लागत न्हाईत.”

दुपारी ढग आले. मी वर बघत बसलो, जसा काही माझ्या बघण्यानं ते हलणार होते. मामी बाहेर आली, माझ्याशेजारी टेकली, तिनंही वर बघितलं. मग ढग घोडनदीच्या अंगाला सरकले आणि पुन्हा ऊन पडलं.

जेवणं उशिरा झाली. मी ताट अंगणातच घेतलं. पोळीचा पहिला घास घेताना पाटाकडे बघितलं आणि मला वाटलं, डोळ्यांवर झापड आलीय. स्वस्तिकाची वरची टांग दिसत नव्हती. उठलो, हात तसाच उष्टा, वाकून बघितलं. वरची गेली होती. खालची पुसट, कागदावर चहाचा थेंब वाळावा तशी.

“मामी!”

ती आली, डोळे बारीक केले. “गेली की रं.”

“जातेय.”

“गेली म्हण.”

दिवस मावळेस्तोवर गाडीच्या दाराच्या खाचेत केसभर पिवळी रेघ राहिली, बाकी सगळं पांढरं. नंबर जसाच्या तसा, शेवटचा आकडा कललेला. गाडी मी सपाट फरशीवर ठेवून चहूबाजूंनी बघितली. वाकली नव्हती. मामीच्या पाया पडायला वाकलो तर म्हणाली, “मी काय केलं? ऊन पडलं.”

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं निघालो. बुटाच्या खोक्यात कापूस, त्यात गाडी, खोकं मांडीवर, दोन्ही हात खोक्यावर. न्हावऱ्याच्या पुढं रस्ता खराब. प्रत्येक खड्ड्याला मी सीटवरून अर्धा उठायचो, म्हणजे धक्का माझ्या पायांत जाईल, खोक्यात नाही. शेजारच्या सीटवरचे एक आप्पा वैतागले. “आरं, बस की नीट. मूळव्याध हाय का?”

अंकलचं घर रिकामं झालं होतं. फळ्या मोकळ्या, भिंतीवर काढलेल्या फोटोंच्या चौकोनी खुणा. एका पेटीवर ते बसले होते, कोट घालून. मी खोकं उघडलं. त्यांनी गाडी दोन्ही हातांत घेतली आणि हातांचं कापणं थांबावं म्हणून कोपरं गुडघ्यांवर टेकवली. खालून बघितली, मागून बघितली, घुमटातून आत बघितलं. नंबरावरून अंगठा फिरवला. मग अंगठा दाराच्या खाचेवर थांबला.

“हे यलो काय आहे?”

सगळं सांगितलं. लिंबं, हळद, साबण, ऊन. बोलताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हतो, गाडीकडे बघत होतो.

त्यांनी रेघेवर पुन्हा अंगठा फिरवला. मग म्हणाले, “शेडमध्ये दसऱ्याला माझ्या इंजिनला पण लावायचे. हळदी, कुंकू, नारियल. मी चर्चला जाणारा माणूस, तरी माझा फायरमन ऐकायचा नाही. बोलायचा, साब, पूजेशिवाय इंजिन बाहेर नाही काढायचं.” खाचेतल्या रेघेकडे पुन्हा बघितलं. “ह्या गाडीचं मात्र मी विसरलो होतो. तुझ्या मामीला बोल, थँक यू.”

त्यांची पेटी, बॅगा हमालानं उचलल्या. खोकंही तो घेऊ लागला, तर अंकल म्हणाले, “ये नहीं.” प्लॅटफॉर्मवर ते खोकं काखेत धरून चालले आणि डब्यात खिडकीशी बसून मांडीवर घेतलं. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात केला नाही, कारण दोन्ही हात खोक्यावर होते. फक्त मान हलवली. मी तेवढ्यावर खूश होतो.

परतीच्या एसटीत मला खिडकी मिळाली. मांडीवर काही नव्हतं. न्हावरं ओलांडलं एवढं आठवतं. त्यानंतर कुणीतरी खांदा हलवत होतं आणि म्हणत होतं, “ओ पाव्हणं, उठा. शिरूर आलं. सगळी उतरली. किती दिसांची झोप काढताय?”