पाणी नेती

बेबीचा परंड्याहून फोन आला, "मामी, आई गेली." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "नाक धुतलं होतं का?" विचारून माझी मलाच लाज वाटली. पण बेबीला त्यात काही वावगं वाटलं नाही. "धुतलं की. मग चहा घेतला, भिंतीला टेकून बसली अन्..." वन्सं, म्हणजे माझी थोरली नणंद, शेवटच्या सकाळीही आपला नेम चुकल्या नाहीत. महिना होऊन गेला, तरी रडता रडता मला त्याचा अभिमानच वाटतो.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या तामलवाडीजवळ खडी फोडायचं काम निघालं, तशा वन्सं तान्ह्या बेबीला घेऊन माहेरी आल्या. मी नुकतीच लग्न होऊन आलेली. दिवसभर आम्ही शेजारी बसून हातोडी चालवायचो. संध्याकाळी माझं डोकं दगडासारखं जड, आणि वन्सं ताज्यातवान्या! गावात योगासनं शिकवणाऱ्या एका गुरुजींनी त्यांना लहानपणी जलनेती शिकवली होती. आमच्या घरात 'जल' कोण म्हणणार? आम्ही म्हणायचो पाणीनेती. आपल्या आंघोळीच्या वाट्यातलं अर्धा पेला पाणी त्या सकाळीच उकळून, मीठ घालून गडव्यातून आणायच्या. उन्हानं ते कोमटच राहायचं. काम संपलं की बांधाच्या आडोशाला जाऊन, बेबीला दूध पाजायचं पितळी बोंडलं भरायचं आणि त्याची चोच नाकपुडीला लावायची.

एक दिवस टँकर आलाच नाही. कामावरचं पाण्याचं टिपाड दुपारीच कोरडं पडलं, माणसं चिडलेली. त्यात मुकादमानं मला हटकलं, "तुमची नणंद गडवा घेऊन रोज तिकडं काय करती?" मी पदर सावरत खरं तेच सांगितलं, "पाणी नेती."

झालं! दुष्काळात पाण्याची चोरी, आणि साक्ष घरच्याच सुनेची. मुकादमानं तिथंच जाहीर केलं, उद्यापासून या बाईनं कामावर यायचं नाही. काम गेलं असतं तर बेबीच्या दुधाचे हाल झाले असते, आणि माहेरच्या गावात चोर हे नाव कायमचं चिकटलं असतं. नेती म्हणजे नाक धुणं, हे मी सांगू लागले, पण कुणी ऐकेना. वन्सं मात्र गडवा घेऊन सरळ त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"चाखा."

मुकादमानं घोट घेतला आणि थुंकला. "खारट हाय की ह्ये!"

"तुमच्या टिपाडातलं पाणी खारट असतंय व्हय? आता बघा." सगळ्यांसमोर त्यांनी मान कलती केली, बोंडलं लावलं. एका नाकपुडीतून गेलेलं पाणी दुसरीतून धारेनं बाहेर पडलं. "आगं बया, हिचं डोस्कं आरपार हाय!" एक म्हातारी ओरडली. खाली पांढऱ्या मातीवर दिवसभराची काळी धूळ उतरली होती. ती बघून मुकादम नरमला. स्वतःचं नाक चोळत म्हणाला, "या उद्या कामावर. अन् मला बी दावा ह्ये."

"दावते. पर आदी समद्यांम्होरं म्हणा, ही बाई चोर न्हाय."

आणि त्याला ते म्हणावं लागलं, मोठ्यानं!

पुढं त्या सहकारी सूतगिरणीत लागल्या. तिथं कापसाची तूस नाकात जायची. पाळी सुटली की बायका त्यांच्याभोवती तांबे घेऊन जमायच्या. मीही त्यांच्याकडूनच शिकले, अजून रोज करते. हे केलं की अमुक आजार बरा होतो, असं त्या कधी बोलल्या नाहीत. "धूळ निघती, एवढंच." मला मात्र जन्मभर चिडवलं, "वैनी, नीट बोला, न्हाय तर परत मला चोर कराल."

दिवसकार्य उरकल्यावर परंड्याच्या घरात आवराआवर चालली होती. खिडकीत ते बोंडलं तसंच होतं, चोचीभोवती मिठाचा पांढरा थर धरलेलं. बेबीच्या जावेनं ते उचलून विचारलं, "ह्ये पितळ कोण नेती?"

"मी नेती," मी म्हणाले. या खेपेला कुणी कसंही ऐकलं असतं, तरी ते खरंच होतं.