काराबालिकची गाबोळी

लेप्सी नदीवरचा बर्फ त्या वर्षी नौरूझचा सण होऊन सहा दिवस झाल्यावर फुटला. कानिपा सकाळचा दूध घातलेला चहा पीत होती. नदीकडून डोंगर कोसळल्यासारखा आवाज आला, तशी तिनं हातातला वाडगा खाली ठेवला, मांडीपर्यंत येणारे रबरी बूट चढवले आणि खुंटीवरचं फेकजाळं खांद्यावर घेतलं.

"मी पण येऊ, आपा?" चुलीपाशी बसलेल्या सुनेनं विचारलं.

"थंडी आहे. घर बघ," एवढं बोलून कानिपा बाहेर पडली.

कानिपा बासष्ट वर्षांची. गाव मेंढरं आणि घोडे पाळणाऱ्यांचं. पाण्यात उतरायचं म्हटलं की तिथल्या भल्याभल्या गड्यांना कापरं भरायचं. कानिपाच्या बापाला, सार्सेनला, मुलगा नव्हता आणि मासेमारीचा नाद मात्र जबर होता. त्यामुळे आठव्या वर्षापासून ही पोरगी बापामागोमाग नदीत. पुढे लग्न झालं, नवरा गेला, गुडघे दुखायला लागले, पण बर्फ फुटला की ती नदीवर जाणार म्हणजे जाणार. शेजारचा काइरोल्दा म्हणायचा, "आपा, तुम्ही चुकून माणसाच्या पोटी आलात. तुमची जागा ऊदमांजरांत." कानिपा म्हणायची, "आणि तुझी मेंढरांत. चल, टोपली धर."

बर्फ फुटल्यावर पहिले आठ-दहा दिवस काराबालिक मासा किनाऱ्याला येतो. वाळुंजांच्या मुळांखाली जिथं झरे फुटतात, तिथलं पाणी जरा कमी गार असतं. तिथं हे मासे एकमेकांना चिकटून उभे असतात. मांस असं गोड, की मासा म्हटल्यावर नाक मुरडणारे म्हातारेसुद्धा त्याचा रस्सा मागून घेतात. पण काराबालिकच्या पोटात एक काळा पडदा असतो, आणि मादीच्या पोटात वसंतात गाबोळी भरते. पडदा पोटात गेला तर माणूस आजारी पडतो. गाबोळी गेली तर मरूही शकतो. गावात हे कुणी कुणाला शिकवत नसे. विस्तवात हात घालू नये हे जसं पोराला आपोआप कळतं, तसंच हेही कळायचं. तरीही काराबालिक साफ करायचं काम सगळे कानिपावरच सोपवत. तिच्या हातून कधी एक दाणा मागे राहिला नव्हता.

सुनेचं नाव शिनार. कानिपाचा मुलगा येरसाइन दोन वर्षं पार पश्चिमेला, मासळी आणि गाबोळीसाठी नावाजलेल्या आतिराउ शहरात कामाला होता. तिकडंच त्यानं लग्न केलं आणि आईला फोनवर सांगितलं. कानिपा "बरं" म्हणाली आणि फोन ठेवून दिला. एकुलत्या एका मुलाच्या लग्नात आईच्या हातचा कणकेचा एक बाउरसाकही तळला गेला नव्हता. नोव्हेंबरात दोघं गावी राहायला आली. शिनार रोज सकाळी रिवाजाप्रमाणे वाकून सलाम करायची. कानिपा "सुखी राहा" म्हणायची आणि तोंड फिरवायची. तिनं सुनेला कधी टोमणा मारला नाही, कधी तिच्यावर आवाज चढवला नाही. फक्त बोलायची नाही. असे पाच महिने गेले होते.

त्या सकाळी पाणी असं गार होतं, की चार पावलांत पायांचा पत्ता लागेना. कडेनं बर्फाचे तुकडे एकमेकांवर घासत चालले होते. कानिपानं वाळुंजाच्या बुंध्याला पाठ टेकली, श्वास धरला आणि जाळं फेकलं. ओढायला गेली तर हलेना. आधी तिला वाटलं मुळात अडकलं, मग जाळं आतून धडपडायला लागलं. तीन वेळा फेकल्यावर दोन टोपल्या भरल्या. इतके मासे तिनं बापाच्या वेळेनंतर पाहिले नव्हते. हाकेसरशी काइरोल्दा घोडा घेऊन आला, म्हणून टोपल्या घरी पोचल्या.

एरवी ती मासे नदीवरच साफ करायची आणि आतडी, गाबोळी तिथंच खोल पुरायची. पण आज मासे भारंभार होते, बोटं वळत नव्हती, म्हणून अंगणात उन्हाला बसली. शिनार न बोलावता येऊन समोर उकिडवी बसली. सुरीसाठी तिनं हात पुढे केला.

"हे मी करते," कानिपा म्हणाली.

शिनारनं हात मागे घेतला, पण उठली नाही. घमेल्यात पिवळीधमक गाबोळी साचत चालली होती. "केवढी गाबोळी, आपा!" तिला राहवेना. "माझे बाबा असते ना, तर नाचले असते."

"हं."

"हिचं काय करायचं?"

"टाकायची. जमीन अजून कडक आहे. दुपारी बघते."

"टाकायची?"

पण कानिपा तोवर उठली होती. पहिले मासे गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी द्यायची तिची पद्धत होती. घमेल्यावर पाटी झाकून, कुत्रं येऊ नये म्हणून वर दगड ठेवून ती गेली. घरोघर चहा झाला, नाही म्हटलं तरी दुपारचा एक वाजला.

परत आली तर घमेलं घासूनपुसून कुंपणावर उपडं घातलेलं. पोरीनं कडक जमीन खणून सगळं पुरलं तर! कानिपाला बरं वाटलं. पाच महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, की आत जाऊन चांगलं काहीतरी बोलावं.

आत येरसाइन जेवायला बसला होता. त्याच्या पुढ्यात पाव होता, लोणी होतं आणि एक काचेची बरणी. पावावर लोणी आणि लोण्यावर पिवळा थर.

"ये आई," तो भरल्या तोंडानं म्हणाला. "शिनारच्या आईनं पार्सलमधून काय पाठवलंय बघ. मी निम्मी संपवली. तुझी वाटी ती बघ, झाकून ठेवलीय."

शिनार चुलीशी उभी होती. ओठ मिटून हसत होती. पोटात न मावणारी गंमत दडवल्यावर पोर हसतं, तसं.

कानिपानं वाटीवरचं झाकण काढलं. तो रंग, तो दाणा तिनं चोपन्न वर्षं पाहिला होता. तिच्या कानांत सकाळचा बर्फ पुन्हा फुटला. 

"शिनार," ती म्हणाली. त्या घरात सुनेला तिनं पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती. "ही कुठली?"

"तुमच्याच माशांची, आपा!" शिनारला आता आवरेना. "आमच्याकडे गाबोळी टाकणाऱ्या बाईला वेडी म्हणतात. कोमट मिठाच्या पाण्यात घातली, तासाभरात झाली. याला पार्सलमधली म्हणून फसवलं. म्हटलं, तुमच्यासमोरच खरं सांगू. कशी झालीय चाखून तर..."

येरसाइनच्या हातातून पाव पडला. तो गावचाच पोरगा. त्याला पुढे काही सांगावं लागलं नाही. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला.

"तू किती खाल्लीस?" कानिपानं सुनेला विचारलं.

"मी? दोन चमचे. मीठ बघायला. का?"

"ही विषारी असते."

शिनार हसली. सासूनं पहिल्यांदाच आपली थट्टा केली असं तिला वाटलं असावं. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पुसायचं विसरल्यासारखं.

कानिपानं मुलाची मानगूट धरून त्याला अंगणात नेलं. किटलीतलं कोमट पाणी मीठ घालून त्याला पाजलं आणि त्याच्या घशात दोन बोटं घातली. तो ओकला. पुन्हा पाजलं, पुन्हा ओकला. मग शिनार. पोरीचं "मला माहीत नव्हतं, आपा. मला माहीत नव्हतं," एवढंच चाललं होतं.

"बोलू नकोस. पी."

कानिपानं ओरडून काइरोल्दाला बोलावलं. रुग्णवाहिकेला फोन केला तर उत्तर आलं, की सखल भागातल्या रस्त्यावर वितळलेल्या बर्फाचं पाणी भरलंय, गाडी अलीकडे येणार नाही, पलीकडे थांबेल. काइरोल्दाकडे गवत वाहायचा उंच चाकांचा जुना ट्रक होता. त्याच्या हौद्यात गवतावर दोघांना झोपवून कानिपा मध्ये बसली. अर्ध्या वाटेवर येरसाइन म्हणाला, "आई, ओठ बधिर झालेत." थोड्या वेळानं म्हणाला, "पाय कुठं गेले?" मग बोलायचा थांबला. पाण्यातून जाताना ट्रक कलला, इंजिनानं दोन आचके दिले. काइरोल्दा आयुष्यात कधी बायकामाणसांपुढे शिव्या देत नसे, तो आत बसून ट्रकला, पाण्याला, सगळ्या जगाला शिव्या घालत होता. शिनारला दोन चमच्यांनीच दरदरून घाम फुटला होता. तिनं कानिपाची बाही धरली होती आणि पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "तुम्ही नाही ना खाल्ली, आपा? नक्की नाही ना?"

या प्रश्नानं कानिपा आतून हलली. पोरगी स्वतः मरायला टेकली होती, आणि तिला घोर कुणाचा, तर जी पाच महिने तिच्याशी धड दोन वाक्यं बोलली नाही तिचा.

पलीकडे थांबलेल्या रुग्णवाहिकेनं तालुक्याच्या इस्पितळात आणल्यावर दोघांना आत नेलं. बऱ्याच वेळानं एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आली. "मुलीचं ठीक आहे. मुलाला सलाइन लावलंय. श्वास मंद आहे, उद्यापर्यंत काही सांगता येत नाही. ओकारी काढलीत म्हणून इथवर तरी आला." मग तिनं कागद पुढे घेतला. "सुनेनं करून वाढली म्हणे. तिला कुणी सांगितलं नव्हतं?"

"नाही."

"तुम्ही किती वर्षं हे मासे धरताय?"

"चोपन्न."

डॉक्टरीणबाईनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. लिहून घेतलं आणि गेली. कानिपाला वाटलं, हिनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी काइरोल्दाची बायको डबा घेऊन आली, सोबत गावातल्या आणखी दोघी. डब्याबरोबर गावात शिजलेली बातमीही आली. बाकावर बसता बसता एक म्हणाली, "लांबची पोरगी. मनात काय होतं कुणास ठाऊक. बरणीत भरून ठेवली म्हणे, नवऱ्यालाच वाढली! पोलिसांना सांगा, आपा. आम्ही साक्ष देऊ."

"कशाची साक्ष देणार?" कानिपानं विचारलं.

"तिनं विष घातलं त्याची!"

"मग हीही द्या," कानिपा उभी राहिली. "ती माझ्यासमोर बसली होती. घमेल्याकडे बोट दाखवून तिनं मला विचारलं, हिचं काय करायचं? मी तिला तीन शब्द जास्त बोलले असते तर आज ही वेळ नसती. मला त्या तीन शब्दांचा कंटाळा आला. माझ्या मुलानं मला न विचारता आणलेली बाई, तिला कशाला सांगा! हे सांगा पोलिसांना. डबा ठेवा आणि जा."

बायका डबा ठेवून निघाल्या. कानिपानं कुणासमोर चूक कबूल केलेली गावानं पाहिली नव्हती. खुद्द कानिपानंही नाही. 

संध्याकाळी आतिराउहून फोन आला. शिनारच्या आईचा. दोघी विहिणी आयुष्यात पहिल्यांदा एकमेकींचा आवाज ऐकत होत्या. ती बाई रडत होती, माफी मागत होती. "विहीणबाई, माझ्या पोरीनं तुमच्या घरावर..."

"तुमच्या पोरीनं काही केलं नाही," कानिपा म्हणाली. "मी केलं. तिला मी घरात घेतलं आणि घरातलं काही सांगितलं नाही."

पलीकडे रडणं थांबलं. 

तिसऱ्या दिवशी येरसाइननं डोळे उघडले. पाणी मागितलं. आईला पाहून पहिलं वाक्य बोलला, "मी पण सांगितलं नव्हतं, आई. वाटलं, तिला माहीतच असेल. सगळ्यांनाच असतं." नीट चालायला त्याला पुढे महिना लागला. डाव्या पायाला मुंग्या यायच्या त्या उन्हाळाभर राहिल्या.

शिनार त्याच्याआधी घरी आली. सकाळी वाकून सलाम करायची, सांगितलेलं काम करायची आणि गप्प. एवढी बोलकी पोरगी, पण तिचा आवाजच गेल्यासारखा झाला. ताटात मासा आला की उठून जायची. कानिपाला ते घर खायला उठलं. पाच महिने या पोरीनं असंच घर सोसलं होतं, हे तिला आता कळलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिनं बुटांचे दोन जोड बाहेर काढले. दुसरा जोड तिच्या मेलेल्या नवऱ्याचा होता. पुढे कापड कोंबून तिनं तो सुनेपुढे ठेवला.

"चल."

शिनारनं बुटांकडे पाहिलं. "मला नको, आपा. मला त्या माशांकडे बघवत नाही."

"बघू नकोस. नुसती चल. मला एकटीला जायची भीती वाटते."

ते खोटं नव्हतं. कानिपालाही ते बोलल्यावरच कळलं.

दोघी निघाल्या. बर्फ सगळा वाहून गेला होता, पण पाणी तेवढंच गार होतं. किनाऱ्यावर शिनार थांबली. तिनं खालमानेनं विचारलं, "आपा, मला आणखी काय काय माहीत नाही?"

कानिपा विचारात पडली. दोन-चार गोष्टी असतील असं तिला वाटलं होतं. "तळघराची तिसरी पायरी सुटलीय, तिच्यावर पाय देऊ नकोस. पांढरी घोडी डाव्या बाजूनं गेलं तर लाथ मारते. येरसाइनला लहानपणी माशी चावली की अंग सुजायचं, अजूनही सुजत असेल. पलीकडच्या काठावरच्या झऱ्याचं पाणी प्यायचं नाही. माझ्या सासूचा वार्षिक विधी जूनमध्ये असतो. काइरोल्दाच्या बायकोला सकाळी उसनं काही मागायचं नाही, तिला अपशकुन वाटतो..."

ती बोलत सुटली. एकातून दुसरं निघत होतं, आणि प्रत्येक गोष्टीसरशी तिच्या ध्यानात येत होतं, की हेही सांगितलं नव्हतं, हेही नाही. शिनार मान हलवत, ऐकत तिच्यामागोमाग पाण्यात उतरली. मग एका दगडापुढे पाऊल पडून पाणी बुटांवरून आत शिरलं तशी ती "आई गं!" करून किंचाळली आणि तिनं सासूचा दंड पकडला.

"हां, हे राहिलं," कानिपा म्हणाली. "त्या दगडापुढे एकदम खोल आहे."