नव्व्याण्णव नंबरचं नेटवर्क

“वो नेटवर्कवाली लड़की डेस्क के पास खड़ी दिखी ना… समझो उसका खलास!”

पँट्रीतून हसण्याचा आवाज आला. मी दाराबाहेर रिकामा मग घेऊन उभी होते. तशीच परत फिरले.

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. घरी कोणी भुताचा विषय काढला की मी पुस्तक उघडून बसायचे. आणि हे घडलं ती जागाही तशी नव्हती. दुबईतलं एका कन्स्ट्रक्शन कंपनीचं ऑफिस, दुसरा मजला, ट्यूबलाइट्स, भर सकाळ. साल २००९, मंदीचं. बाहेर अर्धवट टॉवर्सवरच्या क्रेन्स महिनोन्‌महिने हलल्या नव्हत्या.

माझं काम थोडक्यात सांगते. प्रत्येक कंप्युटरचा एक हार्डवेअर अ‍ॅड्रेस असतो, बारा अक्षर-आकड्यांचा. सगळ्यांच्या केबल्स ज्या डब्यात येतात त्या स्विचमध्ये मी एक तक्ता केला होता… कुठला अ‍ॅड्रेस कुठल्या नेटवर्कमध्ये. दहा म्हणजे ऑफिस, वीस म्हणजे ड्रॉइंग. माणूस कुठल्याही टेबलावर बसला तरी स्विच त्याचा कंप्युटर ओळखून त्याच्या नेटवर्कमध्ये टाकायचा. आणि नव्व्याण्णव म्हणजे बंद खोली. ना फाइल्स, ना मेल.

दर बुधवारी दुपारी एचआरकडून नावांची यादी यायची. गुरुवारी त्या माणसांना आत बोलावलं, की ती बाहेर यायच्या आत मी त्यांच्या डेस्कपाशी उभी राहून, कनेक्शन तुटतंय ना ते बघत, त्यांचे अ‍ॅड्रेस नव्व्याण्णवमध्ये टाकायचे. म्हणजे कोणाची नोकरी जाणार हे त्याच्या आधी मला कळायचं. कोणाला सांगणार नाही असं लिहून दिलं होतं मी. बाबांची नोकरी डिसेंबरमध्येच गेली होती. ते आणि आई व्हिजिट व्हिसावर माझ्याकडे शारजात होते. मी गप्प राहायचे. तशीही मी गप्पच असते.

तिथे कामाचा आठवडा रविवारी सुरू व्हायचा. एका रविवारी सकाळी तक्त्यात एक अ‍ॅड्रेस आधीच नव्व्याण्णवमध्ये दिसला. माझीच चूक, म्हणून परत दहामध्ये टाकला. बुधवारच्या यादीत तेच नाव. पुढच्या रविवारी दोन… आणि बुधवारी तीच दोन.

मी मॅनेजरना, वर्गीस सरांना सांगितलं. स्विचमध्ये कोणी काही बदललं की लॉगमध्ये त्याची ओळ पडते. आम्ही दोघांनी लॉग वाचला. माझे बदल होते, पण हे आपोआप झालेले नव्हते. सरांनी पासवर्ड बदलला.

“स्विच को ज्योतिष नहीं आता,” ते म्हणाले. “तुम काम करो.”

तिसऱ्या रविवारी नव्व्याण्णवमध्ये मुकादम काका होते.

काका आमचे ड्राफ्ट्समन, रत्नागिरीकडचे. माझ्याच बिल्डिंगमध्ये राहायचे आणि रोज मला गाडीतून आणायचे. त्याच सकाळी शारजाच्या जॅममध्ये त्यांनी सांगितलं होतं, “बघ, सात वर्षांनी बायको-पोरीला आणण्याजोगं घर लागलंय. उद्या तुझी काकी गावी पोरीचा, नाझनीनचा, शाळेचा दाखला काढतेय. हेडमास्तर म्हणाला, वर्षाच्या मध्ये नेलंत तर परत घ्यायचा नाही. म्हटलं, नको घेऊस! शुक्रवारी दोघी हितं.”

नोकरी गेली की व्हिसा रद्द, आणि महिन्याभरात देश सोडायचा.

मी त्यांचा अ‍ॅड्रेस परत वीसमध्ये टाकला. दहा मिनिटांनी पाहिलं, नव्व्याण्णव. परत टाकला. परत नव्व्याण्णव. शिवाय स्विच दाखवत होता की तो कंप्युटर आत्ता चालू आहे. मी काकांच्या टेबलापाशी गेले. ते सकाळपासून साइटवर होते. स्क्रीन काळा, मशीन बंद. मी नेटवर्कची केबल काढून हातात धरली आणि माझ्या लॅपटॉपवर पाहिलं.

तरीही चालू. नव्व्याण्णवमध्ये.

तेवढ्यात लक्षात आलं, आजूबाजूचे सगळे माझ्याकडे बघतायत. मी काकांच्या डेस्कपाशी उभी होते ना…

बुधवारी यादी आली. त्यात काकांचं नाव होतं. त्यानंतर असं कधीच झालं नाही. तो स्विच पुढे दोन वर्षं नीट चालला. स्विच बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला दाखवला, तो म्हणाला, नंबर वाचण्यात तुमची गफलत झाली असेल. झाली नव्हती. मला आजही याचं काही उत्तर सापडलेलं नाही.

पण मला सांगायचंय ते त्याच रविवारच्या संध्याकाळचं. यादी यायला तीन दिवस होते.

परतीच्या रस्त्यावर गाड्या जागच्या जागी. काच बंद, एसी चालू, दार उघडून जाणार तरी कुठे? सांगितलं आणि खोटं ठरलं, तर सात वर्षांनी जमलेलं मी मोडलं. खरं ठरलं, तर बातमी फोडली म्हणून माझी नोकरी… आणि घरी आई-बाबा.

“काय गो, आज अगदीच मुकी?” काका म्हणाले. “नाझनीन आली की बघ, तिच्यापुढे तुला बोलावंच लागेल!”

फोन वाजला. त्यांनी स्पीकरवर घेतला. काकी होत्या.

“ऐकलंत का? उद्या दहाला शाळेत जाते. सही केली की झालं. जाऊ ना?”

“अगो जा की! विचारतेस काय?”

मागून कोणीतरी हॉर्न दिला. मी काकांच्या हातातला फोन माझ्याकडे ओढला. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

“काकी, शाळेत जाऊ नका. दाखला काढू नका. का ते विचारू नका… पण गुरुवारपर्यंत काढू नका.”