भाकरी फुगण्याइतकी आच

घरातल्या ओल्या कचऱ्यापासून तयार केलेल्या गॅसवर ज्वारीची भाकरी फुगते का, हा माझा प्रश्न होता. चहाचा प्रश्न मी मुद्दाम घेतला नाही, कारण चहा मंद आचेवरही उकळतो. भाकरी मात्र आच कमी पडली की चिवट होते आणि कोणाची भीड ठेवत नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी परसात बायोगॅसची टाकी बसवली. पत्नीने मुदत घातली, "दिवाळीपर्यंत बघते. भाकरी फुगली तर टाकी राहील, नाहीतर तिथं माझा कढीपत्ता."

मी मान्य केले. टाकीत काय घालू नये, याची यादी सुवाच्य अक्षरांत स्वयंपाकघराच्या दारावर लावली. गवळ्याने आणलेले म्हशीचे शेण कालवून टाकी सुरू केली. गॅस धरल्यावर महिनाभर भाकरी फुगली.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मुरगूडहून पाहुणे आले. जेवणे झाल्यावर पातेलेभर तांबडा रस्सा उरला. अन्न वाया जाऊ नये, म्हणून तो मी टाकीत ओतला. त्यामागोमाग ताटांतल्या पिळलेल्या लिंबांच्या फोडीही गेल्या.

तिसऱ्या दिवशी ज्योत सारखी विझू लागली आणि भाकरी सपाट राहिली.

"हवा गार झाली की टाकीतले जिवाणू सुस्तावतात," मी सांगितले. विधान बरोबर होते. फक्त त्या दिवशी हवा गार नव्हती.

शेवटी टाकीतल्या पाण्यात निळा लिटमस कागद बुडवला. तो लाल झाला, म्हणजे टाकी आंबट झाली होती. पत्नी मागेच उभी होती. मी रस्सा आणि लिंबे, दोन्ही कबूल केली. ती आत जाऊन यादीतले चौथे कलम मोठ्याने वाचू लागली, "'तेलकट रस्सा व लिंबाच्या फोडी घालू नयेत.' अक्षर किती छान आहे हो! कोणाचं?"

दूध घालायला आलेला गवळी म्हणाला, "गुरुजी, पोट बिघडलंय की तिचं! पातेलंभर रस्सा पाजल्यावर म्हस तरी दूध दील व्हय? उपास घाला आठ दिवस. रोज सकाळी पाटीभर शेण तेवढं द्या."

आम्ही आठ दिवस सिलिंडरवर जेवलो. टाकीला शेणाखेरीज काही दिले नाही. मग लिटमस निळाच राहू लागला.

वसुबारसेच्या सकाळी पत्नीने टाकीच्या गॅसवर भाकरी टाकली. पहिली एका कडेलाच फुगली. ती तिने माझ्या ताटात वाढली. दुसरी टम्म फुगली. ती तिने स्वतः घेतली.

"राहू दे टाकी," ती म्हणाली.

कढीपत्ता टाकीच्या शेजारी लावला आहे. टाकीतून बाहेर पडणारी मळी त्यालाच जाते. दारावरची यादी आता पत्नीच्या अक्षरात आहे आणि तिच्यात पाचवे कलम वाढले आहे: 'गुरुजींनी विचारल्याशिवाय काहीही घालू नये.'

भाकरी फुगते, असे माझे उत्तर आहे. परंतु ते एका टाकीवरून आणि एका चुकीवरून काढलेले आहे. वाचकांनी ते स्वतः भाकरी टाकून तपासावे, ही विनंती.