एलुबीवहिनीने बंद केलेली बटाट्याची वाट

माझी एलुबीवहिनी झोम्बा शहराच्या बाजारचौकात वाहतूक पोलीस आहे. लाकडाचे ट्रक, मिनीबस, सायकलटॅक्सी, सगळं तिच्या पांढऱ्या हातमोज्याकडे बघून थांबतं. एकदा तिने आपल्या सासऱ्यांना, म्हणजे माझ्या बाबांना, सायकलला ब्रेक नाही म्हणून चौकातून घरी चालत पाठवलं होतं. बाबांनी महिनाभर तिच्या हातची मक्याच्या पिठाची न्सिमा खाल्ली नाही. मग गुपचूप ब्रेक बसवून आणले आणि जेवायला बसले.

तिचा नवरा, म्हणजे माझा दादा लायटन, शिंपी आहे. त्याच्या तोंडात बहुतेक वेळ टाचण्या असतात, त्यामुळे त्यांचा संसार सुरळीत चाललाय.

ऑगस्टच्या सुट्टीत ताकोंदवाला, म्हणजे त्यांच्या सात वर्षांच्या मुलीला, शाळेतून दहा झाडांची पानं आणायला सांगितली होती. वहिनी म्हणाली, अंगणातली नकोत, आपण डोंगरावर जाऊ. रविवारी सकाळी आम्ही मैद्याच्या गोड मंदासी तळल्या, कसाव्याचे कंद उकडले आणि बटाट्याच्या वाटेला लागलो. वरच्या पठारावरच्या बायका बटाटे आणि मोळ्या घेऊन बाजाराला उतरतात, ती ही वाट. अरुंद आणि भयंकर चढाची.

वहिनीने निघतानाच क्रम लावून दिला. सर्वात पुढे ती, मागे ताकोंदवा, मग चार वर्षांचा चिसोमो, मग दादा. मला तिने शेवटी टाकलं. म्हणाली, "वन्सं, तुम्ही बोलायला लागलात की मागची रहदारी तुंबते."

चिसोमोला वाटेचं नाव फार आवडलं होतं. दिसेल तो गोल दगड त्याला बटाटा वाटत होता, आणि प्रत्येक बटाटा तो बाबाच्या खिशात टाकत होता. दादा मुलाला नाही म्हणत नाही. अर्धा चढ होईपर्यंत त्याचे चारही खिसे भरले, आणि तो दोन्ही हातांनी पँट धरून चालू लागला. मी म्हटलं, अरे, टाकून दे की थोडे. तो म्हणाला, मोजून ठेवलेत त्याने.

एका वळणावर वहिनी थांबली आणि तिने दोन्ही हात आडवे केले. रस्ता बंद आहे, असं तिने आम्हाला ड्युटीवरच्या आवाजात सांगितलं. मी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. वाटेच्या मधोमध एक हिरवा घोयरा सरडा होता. एक पाय उचलायचा, हवेत धरायचा, पुढे झुलायचा, मागे झुलायचा आणि मग विचार बदलायचा. एक डोळा आमच्याकडे, दुसरा ढगांकडे.

आमच्याकडे या सरड्याला भल्याभल्यांची फाटते, पण वहिनीची गोष्ट वेगळीच. तिच्या आजीने तिला लहानपणी सांगितलं होतं की घोयरा अंगाला चिकटला तर कातडीसकट काढावा लागतो. ट्रकपुढे छाती काढून उभी राहणारी बाई, पण आता तिचं पाऊल पुढे पडेना.

वरून मोळ्यावाल्या चारपाच बायका आल्या. वहिनीने त्यांना हाताने थांबवलं. खालून चर्चची गायकमंडळी आली, ढोल घेऊन. तीही थांबली आणि वेळ जावा म्हणून गाऊ लागली. घोयऱ्याला ते गाणं पसंत पडलं असावं, कारण तो ठेक्यावर झुलू लागला आणि पुढे जायचंच विसरला.

तेवढ्यात गर्दीतून एक जाडसर गृहस्थ मुलाला घेऊन वर आले. ते वहिनीचे इन्स्पेक्टर, म्वाले साहेब. त्यांनी विचारलं, वाट कशासाठी अडवलीय. वहिनीने सॅल्यूट ठोकला.

"साहेब, एक जण रस्ता ओलांडतोय."

"कोण?"

"जरा सावकाश आहे, साहेब."

साहेब पुढे आले, त्यांनी पाहिलं, आणि चार पावलं मागे जाऊन म्हणाले की निर्णय अगदी योग्य आहे.

मग चिसोमो आईच्या हाताखालून पलीकडे गेला. कोणी ओरडायच्या आत त्याने घोयरा उचलला, आईच्या आडव्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "आई, ह्याला चालता येत नाही. तू कडेवर घे."

घोयरा दंडावरून खांद्यावर आणि खांद्यावरून वहिनीच्या डोक्यावरच्या फडक्यावर चढला. ह्या वेळी मात्र भराभर. गाणं बंद पडलं. वहिनी खांबासारखी उभी, ओठसुद्धा हलत नव्हते.

"लायटन," ती कशीबशी म्हणाली, "काढ हे."

"माझे हात गुंतलेत."

"लायटन, पँट सोड."

दादाने गायकमंडळीकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. आणि सोडली. पँट दगडांसकट धाडकन घोट्यांवर आली. आत त्याने पडद्याच्या उरलेल्या कापडाची शिवलेली चड्डी होती, मोठ्या मोठ्या पिवळ्या फुलांची. घोट्यात पँट, त्यामुळे त्याने दोन उड्या मारल्या, टोपी काढून घोयऱ्याखाली सरकवली आणि तो अलगद झुडपावर सोडला. साहेबांनी सगळ्यांना दरीकडे तोंड करायचा हुकूम दिला. कोणीही तोंड फिरवलं नाही.

तेव्हा वहिनी वाटेच्या मधोमध मटकन बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मोळ्यावाल्या मोळ्या उतरवून हसल्या. दादा तेवढा गंभीरपणे पँट वर ओढत होता. नंतर त्याने मला हळूच सांगितलं की आजपर्यंत भीतीने त्याने घोयऱ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं.

पठारावर साहेबांचं आणि आमचं बिऱ्हाड एकाच सपाट दगडावर बसलं. ताकोंदवाने दहा पानं जमवली, त्यातली आठ एकाच झाडाची. वहिनी दादाच्या खांद्यावर टेकली आणि भरदुपारी, सगळ्यांसमोर, झोपली. आम्ही तिला दिवसा झोपलेलं कधीच पाहिलं नव्हतं. दादाचा हात बधिर झाला तरी त्याने तो हलवला नाही, आणि शेवटची मंदासी मी त्याला भरवली. वहिनी मोठ्याने घोरू लागली तेव्हा साहेबांच्या मुलाने घाबरून विचारलं, इथे बिबटे आहेत का. साहेब म्हणाले, आहेत, पण आज सुट्टीवर.